जुन्या प्रेमगीतांत तिला कुणी विचारलं होतं का?

केतकी_ब

परवा 'पेइंग गेस्ट'ची (१९५७) गाणी ओळीनं लावून बसले होते आणि एक गोष्ट अशी डोक्यात बसली की कुणाशी बोलल्याशिवाय राहवेना, म्हणून हा धागा.

त्यात 'माना जनाब ने पुकारा नहीं' आहे. नूतन पुढे चाललीय आणि देव आनंद सायकल घेऊन मागे. पहिल्याच ओळीत तो कबूल करतो की तुम्ही मला हाक मारलेली नाही, म्हणजे बोलावणं नाहीये हे त्याला चांगलं ठाऊक आहे आणि तरी तो मागे मागे चाललाय, आणि किशोरकुमार ते इतक्या लाडीगोडीनं गातो की आपण सगळे कधी त्याच्या बाजूचे होऊन जातो कळतसुद्धा नाही. मीही झालेय, लहानपणापासून.

आता त्याच सिनेमातलं दुसरं गाणं घ्या, 'छोड दो आँचल, ज़माना क्या कहेगा'. इथे आशाताईंच्या आवाजात ती बोलते. पण काय बोलते? पदर सोड, लोक काय म्हणतील. तिला स्वतःला ते हवंय की नकोय हे त्या ओळीत कुठेच नाही, तिनं पुढे केलंय ते लोकांना. आणि लोकांच्या नावाने दिलेला नकार खोडून काढणं समोरच्याला फार सोपं असतं, लोकांची पर्वा कशाला करतेस म्हटलं की झालं. तिला काय हवंय ते बाजूलाच राहतं.

मला ही गाणी टाकून द्यायची नाहीयेत, आधीच सांगते. शम्मी कपूर हेलिकॉप्टरला लटकून शर्मिला टागोरच्या मागे जातो ते 'आसमान से आया फरिश्ता' (अ‍ॅन इव्हिनिंग इन पॅरिस, १९६७) मी अजूनही आवाज वाढवून ऐकते. पण हल्ली गाणं ऐकताना मी एक गोष्ट बघते, की तिला अंतरा दिलाय का. तो एकटाच गातोय आणि ती नुसती मान वेळावतेय, पळतेय, रागावल्यासारखं करतेय, की तिच्या वाट्याला स्वतःच्या चार ओळी आल्यात? आणि आल्या असतील तर तो त्या ऐकून घेतो का?

मराठीतलीही उदाहरणं हवीत. लिहा सगळ्यांनी.

सातारकर_जुना

केतकीताई, विषय चांगला काढलात पण काळ लक्षात घ्यायला हवा असं मला मनापासून वाटतं. आमच्या वेळी मुलगा-मुलगी समोरासमोर बोलणं हाच गुन्हा होता. वर्गातल्या मुलीची वही मागायची झाली तरी मधे दुसर्‍या मुलीला घालावं लागायचं. आणि घरात काय होतं? बघण्याचा कार्यक्रम. पोहे नेऊन द्यायचे, एखादं गाणं म्हणून दाखवायचं, थोडं चालून दाखवायचं, आणि आत निघून जायचं. माझ्या थोरल्या बहिणीला पसंत आहे का हे कुणीसुद्धा विचारलं नाही, मौनं संमतिलक्षणम् म्हणून वडिलांनी सुपारी फोडली. त्या मानानं सिनेमातला हिरो निदान तिच्या हसण्याची वाट तरी बघायचा हो. तिनं मागे वळून पाहावं म्हणून तीन अंतरे खपत होता. आमच्या बहिणींना तो हिरो आवडायचा तो उगाच नाही, आपल्या होकारासाठी कुणीतरी जिवाचं रान करतंय ही गोष्टच त्यांच्यासाठी नवी होती.

केतकी_ब

सातारकरकाका, हे मी या बाजूनं पाहिलंच नव्हतं. बहिणीबद्दल लिहिलंत ते वाचून खरंच वाईट वाटलं.

निंबोणी

काका, तुमचं पटतंय, पण त्या तीन अंतर्‍यांचं रस्त्यावर काय व्हायचं ते मी लिहिते.

ऐंशीच्या दशकात कॉलेजात होते, तालुक्याचं गाव. एसटी स्टँड ते कॉलेज या रस्त्यात एक पानटपरी होती आणि तिथे पोरांचा अड्डा कायम. आम्ही दिसलो की गाणं सुरू. घाणेरडा शब्द एक नाही, नुसतं गाणं, तेही ड्रेसच्या रंगावरून. लाल घातला की 'लाल छड़ी मैदान खड़ी' आणि आम्ही टपरी ओलांडून वळणापर्यंत जाईस्तोवर ते चालायचं, मग मागून हसणं. माझ्या मैत्रिणीनं दिवाळीचा नवाकोरा लाल पंजाबी ड्रेस परत कधी कॉलेजला घातला नाही. घरी सांगितलं तर आई म्हणाली दुसर्‍या रस्त्यानं जा. तक्रार तरी काय करायची? गाणंच तर म्हणत होते, आणि तेच गाणं संध्याकाळी आमच्याच घरी रेडिओवर लागलेलं असायचं, वडील ताल धरायचे.

केतकी तू अंतर्‍याचं म्हणतेस ना, आम्हाला तिथे अंतरा नव्हता. गप्प राहिलो तर मौनं संमतिलक्षणम्, काकांनी लिहिलं तसंच. उलट बोललो तर 'बघ, बोलली'. रागानं बघितलं तरी सिनेमात हिरॉइन पहिल्या कडव्यात रागानंच बघते की. म्हणजे आम्ही काहीही केलं तरी ते त्यांच्या गाण्यात बसायचंच. मला रफीच्या आवाजाबद्दल काडीची तक्रार नाही, पण ते विशिष्ट गाणं मी आजही लागलं की बंद करते.

कोर्टाची_पायरी

निंबोणीताई, कायद्याच्या बाजूनं थोडं लिहितो. तुमच्या काळी भारतीय दंड विधानात कलम २९४ होतं, त्यात सार्वजनिक जागी अश्लील गाणं म्हणणं हा गुन्हा, पण 'लाल छड़ी' काही अश्लील नाही. कलम ५०९ होतं, स्त्रीच्या विनयाचा अपमान करण्याच्या हेतूनं काढलेला शब्द, आवाज, हावभाव. पण हेतू सिद्ध कोण करणार? पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा झाला २०१३ मधे, दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर कायदा बदलला तेव्हा कलम ३५४-ड आलं. बाईनं स्पष्ट नाराजी दाखवूनही पुन्हा पुन्हा तिच्या मागे जाणं, संपर्क करायचा प्रयत्न करणं, पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेत कलम ७८ आहे. त्यातले ते 'स्पष्ट नाराजी दाखवूनही' शब्द नीट वाचा आणि साठच्या दशकातली निम्मी गाणी आठवा.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. २०१५ मधे ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात एका भारतीय तरुणावर दोन बायकांचा पाठलाग केल्याचा खटला होता, बचाव असा केला गेला की तो हिंदी सिनेमे बघून मोठा झालाय, मागे लागलं की मुलगी शेवटी हो म्हणते असंच त्याला वाटत होतं. त्याची शिक्षा टळली, चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर सोडलं. त्या दोन बायकांना काय वाटलं असेल याचा विचार मी बरेचदा करतो.

रेडिओवेडा

मी गाण्यांकडे वळतो परत. एक जोडी सांगतो, दोन्ही साहिरची आणि दोन्ही १९६३ ची.

पहिलं 'दिल ही तो है' मधलं, मुकेशनं गायलेलं, 'तुम अगर मुझको न चाहो तो कोई बात नहीं'. वा, किती समजूतदार माणूस, नाही म्हणालीस तरी चालेल. आणि लगेच पुढची ओळ, तू दुसर्‍या कुणाला चाहशील तर मात्र अवघड होईल! म्हणजे नकाराचा हक्क आहे पण निवडीचा नाही. मी कित्येक वर्षं हे गाणं अतिशय हळवं म्हणून ऐकायचो, चाल आहेच तशी, रोशनची.

दुसरं 'गुमराह' मधलं, महेंद्र कपूर, 'चलो इक बार फिर से अजनबी बन जाएँ हम दोनों'. ती आता दुसर्‍याची बायको आहे. सुनील दत्त पियानोवर बसून सगळ्यांदेखत गातो, ती ऐकतेय, आणि तो काय म्हणतो तर मी तुझ्याकडून कसली आशा ठेवणार नाही, तूही माझ्याकडे तशा नजरेनं बघू नकोस. दुखावलेला आहे, टोमणाही आहे त्यात थोडा, पण मागे लागत नाहीये, सोडून देतोय. दोन्हीमधे ती गप्पच आहे, दोन्हीत तिला अंतरा नाही, तरी केवढा फरक! त्यामुळे केतकी, तुझ्या कसोटीत मी एक भर घालेन, नुसता तिचा अंतरा पुरत नाही, त्याला थांबता येतं का तेही बघायचं.

आणि 'अभी ना जाओ छोड़ कर' बद्दल अजून कुणी कसं लिहिलं नाही? (हम दोनो, १९६१, परत साहिरच.)

गार्गी_एडिसन

मी तेच लिहायला आले होते! इकडे अमेरिकेत दर डिसेंबरला 'बेबी, इट्स कोल्ड आउटसाइड' वरून हाच वाद होतो. १९४४ मधे फ्रँक लेसरनं पार्ट्यांमधे बायकोबरोबर गाण्यासाठी लिहिलेलं गाणं, ती म्हणते मला निघायला हवं, तो म्हणतो बाहेर फार थंडी आहे, आणि छापील नोटेशनमधे दोघांच्या ओळींवर चक्क लांडगा आणि उंदीर असं लिहिलेलं. २०१८ मधे काही रेडिओ स्टेशननी ते लावणंच बंद केलं, मग लोक चिडले. गंमत म्हणजे १९४९ च्या सिनेमात ते दोनदा येतं आणि दुसर्‍या वेळी बाई पुरुषाला थांबवत असते, हे कुणाला आठवतच नाही.

त्या गाण्यात ती न थांबायची कारणं देते ती सगळी आई काळजी करेल, शेजारी काय म्हणतील अशीच, केतकीच्या 'ज़माना क्या कहेगा' सारखी. 'अभी ना जाओ' मला वेगळं वाटतं ते इथेच. साधना कुणाचं नाव पुढे करत नाही. ती सांगते की आत्ता थांबले तर मग कधीच जाता येणार नाही आणि तू तर नेहमी हेच म्हणशील की मन भरलं नाही. हे तिचं स्वतःचं कारण आहे, स्वतःच्या मनाचा अंदाज घेऊन दिलेलं. आणि तो तक्रार करतो ती काय, तर रोज अशीच निघून जातेस. रोज! म्हणजे रोज ती आपल्या मर्जीनं येते आणि आपल्या मर्जीनं उठते. माझ्या सतरा वर्षांच्या लेकीला हे गाणं ऐकवलं, तिला हिंदी फार येत नाही, पण सबटायटल वाचून म्हणाली की यात ती घाबरलेली नाहीये. मला ते फार महत्त्वाचं वाटलं.

दर्याकिनारी

मराठीतलं कुणीच लिहीत नाही म्हणून मी.

आमच्याकडे हळदीला 'हिल हिल पोरी हिला' लागल्याशिवाय कार्यक्रम पुढे सरकत नाही. तो कपाळाच्या टिळ्यापासून सुरू करतो आणि ती काय म्हणते? का सतावतोस मला, जाऊन सांगेन मी पोलिसाला. सरळ पोलीस! लहानपणी आम्ही सगळ्या पोरी ती ओळ सगळ्यात मोठ्यानं ओरडायचो, बोट दाखवून. आणि 'गोमू संगतीनं' (हा खेळ सावल्यांचा, १९७६) मधे तो चक्क विचारतो, येशील का? आणि ती तोंडावर सांगते येणार नाय. लाजणं नाही, पदर चावणं नाही. कोळणीला मासळीबाजारात दिवसभर भाव करायचा असतो, तिला नाही म्हणता येतंच, ते गाण्यात उतरलंय.

दुसरं म्हणजे गौळण. तमाशात गणानंतर गौळण, कृष्ण आणि पेंद्या मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट अडवतात, दान दिल्याशिवाय सोडत नाहीत. हीच छेडछाड हिंदीत पनघटवर आली, 'मोहे पनघट पे' वगैरे. देवाची लीला आहे, त्याला आजचे नियम लावू नयेत असं कुणी म्हणेल, ठीक आहे, पण गौळणीत एक गोष्ट आहे जी सिनेमाच्या गाण्यात नाही. गवळणी एकट्या नसतात, जथ्थ्यानं असतात, बरोबर मावशी असते जी कृष्णाला सोलून काढते, आणि शेवटी सगळ्या मिळून यशोदेकडे गार्‍हाणं घेऊन जातात. गार्‍हाणं ऐकणारं कुणीतरी आहे. सिनेमानं कृष्णाची खोडी तेवढी घेतली आणि यशोदा काढून टाकली. निंबोणीताईंना त्या टपरीसमोर यशोदा कुठून मिळणार होती?

निंबोणी

दर्याकिनारी, शेवटची ओळ वाचून थांबले जरा. खरंय.

केतकी_ब

यशोदेचा मुद्दा मला आयुष्यात सुचला नसता, धन्यवाद!

मराठीतली दोन मीही देते. 'शुक्रतारा मंद वारा', पाडगावकर, खळे, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा. सगळ्यांचं लाडकं, माझंही. त्यात तिला अंतरा आहे. पण त्यात ती म्हणते की मी शब्दांत कशी सांगू, तूच समजून घे. तो समजून घेणारा असेल तर यासारखं सुंदर काही नाही. पण बोलायची शिकवणच नाही, आणि समजून घ्यायचं काम पूर्ण त्याच्यावर, तो चुकीचं समजला तर? त्या काळच्या मुलींना 'हो'सुद्धा मोठ्यानं म्हणता येत नव्हतं, चांगल्या घरच्या मुलीनं हवंय म्हणायचं नसतं, आणि हो म्हणायची सोय नसली की नाहीलाही किंमत राहत नाही. मला वाटतं सगळी गोम इथे आहे.

दुसरं 'ही चाल तुरुतुरु'. जयवंत कुलकर्णी. लिहिलंय शांता शेळक्यांनी! तो तिच्या चालीकडे, डाव्या डोळ्यावर आलेल्या बटेकडे टक लावून बघतोय, आसपास कुणी नाही असंही म्हणतो, जे आज ऐकताना मला किंचित खटकतं, एकट्या बाईला ती ओळ कशी ऐकू येत असेल असं वाटतं. पण शांताबाईंनी त्यात एक जागा ठेवलीय. लगबग जाताना ती मागे वळून बघते आणि वाट पावलांत अडखळते. ते वळून बघणं तिचं आहे, त्यानं ओढून घेतलेलं नाही. तो एक पाऊल पुढे टाकत नाही अख्ख्या गाण्यात, हात धरत नाही. बाईनं लिहिलंय म्हणून असं झालं असेल का, मला खात्रीनं नाही सांगता येणार, पण दरवेळी ऐकताना वाटतं खरं.

सातारकर_जुना

मग लावणीला विसरू नका! 'बुगडी माझी सांडली गं', 'सांगत्ये ऐका', १९५९, पुण्यात विजयानंदला १३१ आठवडे चालला होता. त्यात बाई स्वतःच्या तोंडानं सांगते की तो मला आवडला. घरच्यांना काय थाप मारायची तेही तिनंच ठरवलंय. आणि सुलोचनाबाई चव्हाणांची 'लवंगी मिरची', नाव-गाव कशाला पुसता म्हणून पहिल्याच झटक्यात समोरच्याला गप्प करते. संकोच नावाला नाही.

रेडिओवेडा

काका, लावणीत आवाज तिचा पण लेखणी त्याची, होनाजी-रामजोशींपासून गदिमा-खेबुडकरांपर्यंत, आणि समोर बसलेले बहुतेक पुरुषच. ती हवंय म्हणते ते ऐकायला फेटे उडवणार्‍यांच्यासाठीच लिहिलेलं असायचं. 'फड सांभाळ तुर्‍याला गं आला' घ्या, कोल्हा उसात शिरेल म्हणून सांभाळायचं कुणी, तर तिनंच. कोल्ह्याला कुणी काही सांगत नाही. तरीही सुलोचनाबाई गातात तेव्हा त्या शब्दांच्या वर कुठेतरी निघून जातात हेही खरं, माजघरातल्या बायका आवडीनं ऐकायच्या त्या लावण्या, फक्त फडातले पुरुष नाही.

आणि हवंय म्हणणारी बाई लावणीबाहेरही आहे हो. 'का रे दुरावा, का रे अबोला' (मुंबईचा जावई, १९७०). नवर्‍याला जवळ बोलावणारी साधी चाळीतली बायको. गदिमांनी तिला शरमिंदी केलेली नाही आणि आशाताईंनी तर नाहीच नाही.

मास्तर_फलटण

उशिरा वाचतोय. सगळ्यांचं वाचून एक जाणवलं की आपण हे सगळं आत्ताच्या काळातलं खूळ असल्यासारखं बोलतोय, आणि आपल्याकडे तर 'संमती' या विषयावर सव्वाशे वर्षांपूर्वी रणकंदन झालंय. संमतिवयाचा कायदा, १८९१. लग्न झालेल्या मुलीशी संबंधाचं वय दहावरून बारा करायचं, एवढंच, बारा! त्यावरून पुणं पेटलं होतं. टिळक 'केसरी'तून विरोधात, सरकारनं आमच्या घरात ढवळाढवळ करू नये म्हणून, आणि आगरकर 'सुधारका'तून बाजूनं. त्याच्या थोडं आधी रखमाबाईंचा खटला. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलं, नांदायला जायला नकार दिला, मुंबई हायकोर्टानं १८८७ मधे नवर्‍याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा म्हटलं, आणि बाई म्हणाल्या तुरुंगात जाईन. पुढे विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या.

आणि हे थेट गाण्यात आलंय, म्हणून इथे लिहितोय. 'संगीत सौभद्र' १८८२ चं. लोक अर्जुनानं सुभद्रेला पळवलं तेवढंच लक्षात ठेवतात, पण नाटकात भाऊ तिला न विचारता दुर्योधनाला द्यायला निघालेला आहे आणि ती 'वद जाऊ कुणाला शरण' गाते. मनातून तिला अर्जुनच हवाय. जबरदस्ती चाललीय ती घरच्यांची. देवलांची 'शारदा' १८९९ ची, म्हातार्‍याशी लग्न लावताहेत त्या पोरीचं, 'मूर्तिमंत भीती उभी'. त्याला काळ तसाच होता म्हणून सोडून द्यायचं तर देवल कोणत्या काळातले होते? त्याच ना? त्या काळातही दिसणार्‍याला दिसत होतं. सातारकर, तुमच्या बहिणीला कुणी विचारलं नाही ते शारदेनंतर किती वर्षांनी, हिशोब करून बघा. रागावू नका.

सातारकर_जुना

रागावत नाही मास्तर. सत्तर वर्षांनी. तिला शारदेची पदं तोंडपाठ होती.

मास्तर_फलटण

अजून एक सांगायचं राहिलं. खाडिलकरांचं 'मानापमान', १९११. त्यातली भामिनी धैर्यधराला आधी धुडकावते, आणि नंतर वनमाला बनून स्वतः त्याला पारखून घेते, म्हणजे निवड पूर्ण तिची. त्यात 'नाही मी बोलत' आहे ना, त्यात ती कारण देते, विनय सोडून बोलता म्हणून नाही बोलत. लोक काय म्हणतील नाही, आई रागावेल नाही. तुमचं बोलणं मला पसंत नाही! केतकी, तुझ्या 'छोड दो आँचल'च्या सेहेचाळीस वर्षं आधी. बालगंधर्व बाईच्या वेषात ते म्हणायचे आणि थिएटर डोक्यावर घ्यायचं पब्लिक.

गार्गी_एडिसन

मास्तर, हे पद कुणाच्या आवाजात ऐकावं? आमच्या मंडळाच्या कार्यक्रमात 'अभी ना जाओ'च्या जोडीला घेता येईल, लेकीला शिकवायचा विचार आहे.

मास्तर_फलटण

आधी बालगंधर्वांचंच ऐकवा तिला, यूट्यूबवर मिळेल, खरखर आहे पण ऐका. ताना मागाहून. आधी 'विनयहीन' हा शब्द ते कसा टाकतात तेवढं पकडायला सांगा, जोर न देता, अगदी सहज टाकलाय.